नवी मुंबई कशी वसली, कशी वाढली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न चार प्रकारच्या लोकांकडून येतात: पहिल्यांदा घर घेणारे, वास्तुकलेचे विद्यार्थी, गावठाणातली तरुण मुलं आणि वाशी-नेरुळला चाळीस वर्षं काढलेले माझ्यासारखे निवृत्त लोक. प्रश्न पाण्याचा असो, कराचा असो की लोकलचा, उत्तर शोधत गेलं की ते जमिनीपाशी येऊन थांबतं. म्हणून घाई असेल त्यांनी प्रश्न ४ आणि ९ तरी वाचावेत. बाकीची उत्तरं लागतील तशी वाचली तरी चालतील.

१. नवी मुंबई म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

नवी मुंबई एक नाही, दोन आहेत. सिडकोने, म्हणजे हे शहर वसवण्यासाठी राज्य शासनाने स्थापलेल्या संस्थेने, आखलेली नवी मुंबई ३४४ चौरस किलोमीटरची. ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन तिच्यात आली. उत्तरेला ऐरोली, दक्षिणेला उरणजवळचं द्रोणागिरी. महापालिकेची नवी मुंबई मात्र दिघ्यापासून सीबीडी बेलापूरपर्यंतच आहे. ही महापालिका १ जानेवारी १९९२ पासून काम करू लागली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले भाग १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. उलवे आणि द्रोणागिरी कुठल्याच महापालिकेत नव्हते, तिथे कारभार सिडकोचा आणि जुन्या गावांत ग्रामपंचायतीचा. बिल्डरच्या जाहिरातीतली नवी मुंबई ही तिसरी. ती पार कर्जत-पेणपर्यंत पोचते (प्रश्न १८ पाहा).

२. मी खारघरला राहतो. मग मी नवी मुंबईकर, पनवेलकर की रायगडकर?

तिन्ही. जिल्हा रायगड, तालुका पनवेल, महापालिका पनवेल. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे, कारण त्यांची हद्द उरणपर्यंत जाते. गाडीचा नंबर एमएच ४६ (वाशी-नेरुळवाल्यांचा एमएच ४३), पिनकोड ४१० ने सुरू होणारा आणि दूरध्वनीचा संकेतांक मुंबईचा, ०२२. लोकसभेला मत मावळसाठी द्यायचं, म्हणजे घाटावरच्या पिंपरी-चिंचवडकरांच्या जोडीने. चार किलोमीटरवरचा बेलापूरकर ठाणे मतदारसंघात असतो.

गंमत इथे संपते आणि डोकेदुखी सुरू होते. पनवेल महापालिकेने स्थापनेपासूनचा, म्हणजे २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागे जाऊन मागितला. रहिवाशांचं म्हणणं असं की त्या वर्षांत सेवा सिडको देत होती आणि तिचं सेवाशुल्क आम्ही भरलंय. वाद न्यायालयापर्यंत गेला. खारघर-कामोठ्यात जुनं घर घेताना विक्रेत्याकडून सिडकोच्या सेवाशुल्काच्या आणि पालिकेच्या कराच्या, अशा दोन्ही पावत्या मागून घ्या.

३. ही कल्पना मुळात कुणाची?

खाडीपलीकडे वस्ती न्यावी हा विचार एका माणसाचा नाही. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्येच ठाणे खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीवर नगर वसवण्याची शिफारस केली होती. त्यानंतर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने केवळ मुंबईचा नव्हे तर सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करा असं सांगितलं.

पण लोकांच्या मनात चित्र उभं केलं ते तिघांनी: वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल (केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल यांचाच). १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांनी योजना मांडली. तिघंही तेव्हा तिशीत-चाळिशीत. मुद्दा साधा होता. मुंबई ही समुद्रात घुसलेली चिंचोळी पट्टी. नोकऱ्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला. त्यामुळे सकाळी अख्खं शहर एकाच दिशेला धावतं आणि संध्याकाळी उलट. रुळांची संख्या वाढवून हे सुटणार नाही, नोकऱ्यांचं ठिकाणच हलवलं पाहिजे. आणि खाडी ओलांडली की पूर्वेला सपाट जमीन आहे.

शासनाने ते मान्य केलं. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, मुंबई महानगर प्रदेशाची योजना आली, आणि १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, पटेल नियोजन सांभाळायला आले, आणि व्यवस्थापकीय संचालक म्हणून सनदी अधिकारी जे. बी. डिसूझा. कल्पना मांडणाऱ्यांनाच ती राबवायला बोलावणं हे आपल्याकडे क्वचितच घडतं.

४. सिडको हे सरकारी खातं आहे की कंपनी? एवढं शहर बांधायला पैसा कुठून आला?

कंपनी आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, पूर्णपणे राज्य शासनाच्या मालकीची. भागभांडवल अवघं ३ कोटी ९५ लाख. एवढ्यात तर एक रस्ता होईल, शहर कसलं!

खरं भांडवल होतं जमीन. शासनाने शेतकऱ्यांची जमीन संपादित केली आणि सरकारी व मिठागरांच्या जमिनींसकट सिडकोच्या हाती दिली. सिडकोने भराव घातला, रस्ते, गटारं, पाणी, वीज केली आणि तयार भूखंड भाडेपट्ट्याने विकले. आलेल्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग (प्रश्न ५). दुकानं आणि कार्यालयांचे भूखंड निविदेने, जो जास्त देईल त्याला. त्या नफ्यातून अल्प उत्पन्न गटाची घरं, शाळांचे भूखंड, बागा यांना कमी दर. रेल्वेसुद्धा अशीच आली (प्रश्न ७).

हे गणित देशभर वाखाणलं गेलं आणि ते वाखाणण्यासारखं आहेही. सरकारी तिजोरीवर भार न टाकता शहर उभं राहिलं. पण भूखंड विकून चालणाऱ्या संस्थेला मोकळी जागा मोकळी दिसत नाही, तिच्यावर किंमत दिसते. मैदानाच्या, पाणथळीच्या, खाडीकाठच्या जागेवरून इथे जितकी भांडणं झाली त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हे आहे. आणि या गणितातली पहिली ओळ, म्हणजे जमीन स्वस्तात मिळाली, तिची किंमत कुणी मोजली ते प्रश्न ९ मध्ये.

५. नोड म्हणजे काय? आणि नुसत्या सेक्टरवरून पत्ता का सापडत नाही?

एकच मोठं शहर न करता माळेतल्या मण्यांसारखी छोटी छोटी गावं करायची आणि त्यांना रेल्वे-रस्त्याने ओवायचं, अशी आखणी होती. हे मणी म्हणजे नोड: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, सीबीडी बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, पुष्पकनगर, द्रोणागिरी. प्रत्येकात शाळा, बाजार, दवाखाना, बाग आणि चालत जाण्याच्या अंतरावर स्टेशन असावं ही अपेक्षा.

सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये एकपासून सुरू होतात. त्यामुळे ‘सेक्टर १९’ वाशीच्या नकाशात कांदा-मसाल्याच्या बाजारात आहे, नेरुळमध्ये वेगळा, खारघरमध्ये वेगळा, उलव्यात आणखी वेगळा. रिक्षावाल्याला आधी नोड सांगा. गावाहून येणाऱ्या पाहुण्याला तर दोनदा सांगा.

६. मंत्रालय बेलापूरला येणार होतं हे खरं का?

मूळ मांडणीचा तो कणाच होता. सरकार हललं की कारकून हलेल, वकील हलेल, त्यांच्यामागे बँका आणि कंपन्या येतील. ‘सीबीडी’ (सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, म्हणजे मुख्य व्यापारी केंद्र) हे भारदस्त नाव त्या आशेवर पडलं. प्रत्यक्षात त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे राहत होते आणि सरकारचा मुक्काम तिकडेच राहिला. बेलापुरात कोकण विभागाचं कोकण भवन आलं, पुढे रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आलं, सिडकोने स्वतःचं मुख्यालय बांधलं. मंत्रालय जागचं हललं नाही. नंतर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं आणि दक्षिण मुंबईतून निघालेली कार्यालयं खाडी ओलांडण्याऐवजी मिठी नदीच्या काठी थांबली.

एका हाताने नवं शहर वसवायचं आणि दुसऱ्या हाताने जुन्याच शहरात कार्यालयांना जागा करून द्यायची, असं दोन्ही त्याच शासनाने केलं. नवी मुंबईच्या पहिल्या वीस वर्षांची रडकथा सांगताना लोक सिडकोला दोष देतात. माझ्या मते मोठा वाटा या दुटप्पीपणाचा आहे.

७. सुरुवातीची वीस वर्षं शहर रिकामं का होतं?

कारण यायला-जायला रस्ता एकच होता. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला, पण त्यावरून बस आणि गाडी. लोकल नाही. मुंबईच्या माणसाला लोकल नसलेलं ठिकाण म्हणजे परगाव. वाशीत घरं तयार होती आणि खिडक्या बंद होत्या.

मानखुर्द ते वाशी लोकल १९९२ च्या मे महिन्यात धावली. रेल्वे पैसे घालायला तयार नव्हती म्हणून खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. त्या मार्गावरच्या तिकिटात अधिभार घेऊन तो वसूल केला. स्टेशनांवर कार्यालयांचे मजले चढवायची युक्तीही तेव्हाचीच. वाशी-बेलापूरची स्टेशनं देशातल्या इतर स्टेशनांसारखी दिसत नाहीत ती त्यामुळे. लोकल १९९३ मध्ये बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोचली. ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गावर प्रवासी गाड्या २००४ मध्ये सुरू झाल्या. उरणकरांना मात्र १२ जानेवारी २०२४ पर्यंत थांबावं लागलं, खारकोपरपर्यंतचा तुकडा त्याआधी २०१८ ला झाला होता.

दुसरा धक्का बाजाराने दिला. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटकडचा घाऊक व्यापार तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत टप्प्याटप्प्याने आणला गेला. आधी कांदा-बटाटा, १९९६ मध्ये फळं आणि भाजी, शिवाय मसाला आणि धान्य. लोखंडाचा बाजार कळंबोलीला. व्यापारी खुशीने आले नाहीत. पण त्यांच्यामागे माथाडी आले, कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची घरं झाली आणि पहाटे तीनला जागं असणारं शहर तयार झालं. सातारा-सांगली-पुण्याकडची बोली इथल्या बसमध्ये सर्रास ऐकू येते ती त्यांच्यामुळे.

८. वीस लाख लोक येणार होते ना? आणि मुंबईची गर्दी कमी झाली का?

वीस लाख वस्ती आणि साडेसात लाख नोकऱ्या हे मूळ उद्दिष्ट. २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सात लाख लोक होते, २०११ मध्ये सुमारे ११ लाख २० हजार. सध्याच्या पनवेल महापालिकेच्या हद्दीतले पाच लाखांवर लोक त्यात मिळवले तरी २०११ मध्ये वीस लाखांचा आकडा गाठलेला नव्हता.

मुंबईची गर्दी? बृहन्मुंबईची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे ६० लाख होती, २०११ मध्ये १ कोटी २४ लाख. बेट-मुंबईतली म्हणजे कुलाबा ते माहीम-शीवपर्यंतची वस्ती २००१ ते २०११ मध्ये किंचित घटली हे खरं, पण त्याचं श्रेय एकट्या नवी मुंबईला देता येत नाही. गिरण्या बंद पडल्या, चाळी रिकाम्या झाल्या, माणसं विरार-कल्याणकडेही गेली. नवी मुंबईने मुंबईचा भार हलका केला नाही. तो आणखी वाढण्यापासून काहीसा अडवला, एवढं म्हणता येतं.

नोकऱ्या मात्र वेगळ्याच वाटेने आल्या. ठाणे-बेलापूर पट्टा हा सिडकोच्या आधीचा, साठच्या दशकातला एमआयडीसीचा. तिथले रासायनिक कारखाने बंद पडले आणि त्याच भूखंडांवर ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याकडे माहिती-तंत्रज्ञानाची संकुलं उभी राहिली. ही आखणी कुणाच्या नकाशात नव्हती.

९. इथे आधी कोण होतं? त्यांना काय मिळालं?

आगरी, कोळी, कऱ्हाडी, आणि डोंगराच्या कडेला आदिवासी. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. ‘मोकळ्या जमिनीवर वसवलेलं शहर’ असं पुस्तकात छापलेलं वाचलं की दिवाळे किंवा करावे गावातला म्हातारा हसतो. आणि तो कडवट हसतो.

१९७० पासून १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या गेल्या. गावठाण, म्हणजे घरांची जुनी वस्ती, वगळली. पैसे शेतजमिनीच्या भावाने मिळाले आणि तेही रखडत. त्याच जमिनीचा भूखंड रस्ता-पाणी होऊन निविदेत गेला की काय भाव येतो हे लोक डोळ्यांनी पाहत होते. कोळ्यांची गोष्ट आणखी वाईट. खाडीला सातबारा नसतो, त्यामुळे भरावाखाली गेलेल्या मासेमारीचा मोबदला मागायला कागदच नव्हता.

आंदोलनाचं नेतृत्व जासईचे दि. बा. पाटील यांच्याकडे होतं, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार आणि पुढे खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. दर जानेवारीला तिथे लोक जमतात. नवी मुंबईत राहून ही तारीख माहीत नसलेले लाखो लोक आहेत. मीही इथे येऊन दहा वर्षं होईपर्यंत त्यांच्यातलाच होतो.

साडेबारा टक्क्यांची योजना या आंदोलनातून आली. तिचा हिशोब पुढच्या उत्तरात.

१०. साडेबारा टक्के म्हणजे किती? हातात खरंच तेवढं येतं का?

नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत द्यायचा, असं शासनाने १९९० मध्ये ठरवलं आणि १९९४ मध्ये योजना विस्तारली. पण त्या साडेबारातून ३० टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात. राहतात पावणेनऊ.

एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली असं धरा. साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटर. कापून हाती ८७५. त्यावर दीड चटई क्षेत्र (म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम) आणि १५ टक्क्यांपर्यंत दुकानं. कागदावर ही आकडेवारी सरळ आहे. पण जमीन आजोबांच्या नावावर, वारस अठ्ठावीस, त्यातल्या दोन आत्यांचा हक्क कुणी धरलाच नव्हता, एक काका मुलुंडला. वारसदाखल्यात वर्षं जातात. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते त्याने भूखंड मिळण्याआधीच हक्क बिल्डरला लिहून दिला. म्हणून साडेबाराच्या भूखंडांवर उभ्या इमारतींत मूळ शेतकरी शोधावा लागतो.

११. साडेबाराच्या भूखंडावरच्या इमारतीत घर घेतोय. काय पाहू?

घर घ्यायला हरकत नाही, अर्धं खारघर आणि बरंचसं उलवे अशाच भूखंडांवर आहे. पण नेहमीच्या कागदांखेरीज (ते प्रश्न १३ मध्ये) तीन गोष्टी विचारा.

पहिली, भूखंड मूळ खातेदाराकडून विकासकाकडे सिडकोच्या परवानगीने, त्रिपक्षीय करार होऊन आला आहे ना? नुसत्या मुखत्यारपत्रावर आलेला असेल तर सांभाळून.

दुसरी, ‘मावेजा’. हा शब्द नवी मुंबईबाहेर फारसा कुणी ऐकलेला नसतो. शेतकरी कोर्टात जाऊन वाढीव मोबदला जिंकले की सिडकोला तो द्यावा लागतो, आणि सिडको तो त्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या भूखंडावर टाकते. मावेजा थकला की भोगवटा प्रमाणपत्र आणि ना हरकत दाखले अडतात. मग बिल्डर रहिवाशांकडे बोट दाखवतो आणि रहिवासी बिल्डरकडे. मावेजा भरल्याचा कागद मागा. नसेल तर तो कोण भरणार हे करारात लिहून घ्या.

तिसरी, वारसांपैकी कुणाचा दावा चालू आहे का? वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस वाचायची सवय लावा.

१२. गावठाणातलं घर निम्म्या किमतीत मिळतंय. घेऊ का?

कर्ज मिळत नाही म्हणूनच ते निम्म्या किमतीत आहे. गावठाणाची हद्द १९७० ला होती तिथेच गोठली आणि कुटुंबं वाढत गेली. लोकांनी भोवतालच्या, कागदावर सिडकोच्या झालेल्या जमिनीवर घरं बांधली. त्यांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ती नियमित करण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी घेतले. २०२२ च्या निर्णयात गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतचा परीघ धरला होता.

पण नीट लक्षात घ्या, ही सवलत प्रकल्पग्रस्ताच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी आहे. त्याच गल्लीत उभी सात मजली ‘सोसायटी’, जिच्यात तुम्हाला फ्लॅट दाखवला जातोय, ती गरजेपोटी नाही, धंद्यापोटी आहे. दिघ्यात अशा ९९ इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाईची वेळ आली तेव्हा रस्त्यावर आलेले लोक बिल्डर नव्हते, पगारदार होते.

१३. घर माझं, पण जमीन सिडकोची असं सगळे म्हणतात. म्हणजे काय?

सिडको जमीन विकत नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. तुम्ही सदनिकेचे मालक, तुमची सोसायटी भाडेपट्टाधारक. परिणाम असा की घर विकताना सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क लागतं. पट्टा अजून बिल्डरच्या नावावर असेल तर आधी तो सोसायटीच्या नावावर करून घ्यावा लागतो. आमच्या सोसायटीला यात अकरा वर्षं गेली, कारण विकासकाच्या दोन भागीदारांत बोलणं नव्हतं.

पट्ट्याची मुदत वाढवणं, जमीन मालकी हक्काने करून देणं यावर शासनाच्या घोषणा अधूनमधून होतात. घोषणेवर घर घेऊ नका. व्यवहाराच्या दिवशी सिडकोच्या संबंधित विभागाकडून लेखी दर आणि अटी घ्या. महापालिका हद्दीत बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र पालिका देते, जमिनीचे कागद मात्र तिथेही सिडकोकडेच. दोन्ही खिडक्यांवर जावं लागतं.

१४. सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती एवढ्या लवकर कशा खचल्या?

वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन प्रकारच्या इमारतींचे छताचे गिलावे ऐंशीच्या दशकापासूनच पडत होते. खाडीची खारी हवा, हलकं बांधकाम आणि नंतर रहिवाशांनी केलेले फेरबदल, तिन्हीचा वाटा आहे. पुनर्विकासाला अडीच चटई क्षेत्र २०१५ मध्ये मंजूर झालं. तिथे आता टॉवर आले आहेत आणि चार मजल्यांसाठी आखलेल्या गटारांवर त्यांचा भार आहे.

याच्या उलट टोकाला बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी आखलेलं. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एकवीस घरांची वाडी. कुणाची भिंत कुणाला लागून नाही, त्यामुळे पैसे येतील तसं ज्याने त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलंही, बहुतेकांनी तर मूळ घर पाडून काँक्रीटचे बंगले केले. विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मला मात्र चौक शाबूत आहेत याचं जास्त कौतुक वाटतं.

१५. शहर समुद्रसपाटीखाली आहे म्हणतात. मग बुडत कसं नाही?

बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, कारण तो मिठागरं आणि खाजणावर भराव टाकून केलेला आहे. त्यासाठी खाडीकाठी धारण तलाव ठेवले, बोलीत होल्डिंग पाँड. महापालिका हद्दीत असे ११ आहेत. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा बाहेर उघडतात आणि तलाव रिकामा होतो. ही कल्पना डच पद्धतीची म्हणून सांगितली जाते, पण कोकणातल्या खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते तिचं तत्त्व हेच आहे.

अडचण अशी की तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली आणि उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी खारफुटी तोडायला बंदी आहे. म्हणजे गाळ काढायचा तर खारफुटी हलवावी लागते आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी. पूर थांबवणारा तलाव आणि पूर थांबवणारं झाड यांच्यातलं हे भांडण. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तोवर जोरदार पाऊस आणि मोठी भरती एका वेळेला आली की वाशी-सानपाड्याच्या सखल सेक्टरांत गाडी तळघरात लावू नये.

१६. नेरुळला चोवीस तास पाणी आणि खारघर-उलव्यात टँकर, असं का?

धरण कुणाचं त्यावर. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका राज्यात मोजक्याच. दक्षिणेकडचे नोड मुख्यतः पेणच्या हेटवणे धरणावर आणि इतरांकडून घेतलेल्या पाण्यावर अवलंबून. पेण तालुक्यातल्या बाळगंगा धरणाचं काम वर्षानुवर्षं रखडलं. भूखंड आधी विकले गेले, पाणी मागून यायचं होतं.

१७. विमानतळ आणि अटल सेतूमुळे नेमकं काय बदललं?

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. शिवडी ते न्हावा-शेवा, २१.८ किलोमीटर. १९७३ पासून खाडी ओलांडायची ती वाशीवरून, पुढे ऐरोलीवरून, आता उलव्यावरूनही. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, उड्डाणं २५ डिसेंबरपासून. ११६० हेक्टरांसाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. या गावांना रोख रकमेऐवजी २२.५ टक्के विकसित भूखंडांचं पॅकेज मिळालं. साडेबारावरून साडेबावीसवर यायला शासनाला वीस वर्षं लागली. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्र पुन्हा रस्त्यावर उतरले, हे प्रश्न ९ वाचल्यावर नवल वाटणार नाही.

शहराचं वजन आता उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतंय. वाशीचा तोरा उतरू लागला आहे.

१८. नैना आणि ‘तिसरी मुंबई’ यांत फरक काय? तिथे प्लॉट घ्यावा का?

दोन्ही वेगळी क्षेत्रं आहेत आणि दोन्ही नवी मुंबईत मोडत नाहीत. नैना म्हणजे विमानतळाभोवतीचं प्रभावक्षेत्र. २०१३ पासून नियोजन सिडकोकडे. इथे जमीन संपादित न करता नगररचना परियोजना राबवतात: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदानं काढायची आणि मालकाला सुमारे ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड परत द्यायचा.

तिसरी मुंबई म्हणून जिचा गाजावाजा आहे ते कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. अटल सेतूच्या अलीकडे उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली १२४ गावं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ पहिल्या नवी मुंबईएवढंच. प्राधिकरण एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), २०२४ मध्ये नेमलेलं. गावकऱ्यांनी हजारो हरकती नोंदवल्या. हरकती नोंदवणाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांच्या पलीकडच्या गावातल्या सोयऱ्यांचे साडेबाराचे दावे अजून सुटायचे आहेत.

प्लॉटबद्दल: नैनात ‘फार्महाउस प्लॉट’ किंवा गुंठेवारीचा तुकडा घेऊ नका. परियोजनेत तुमचा तुकडा रस्त्याखाली जाऊ शकतो आणि बदल्यात मिळणारा अंतिम भूखंड दुसरीकडे, दहा जणांच्या सामाईक नावावर असू शकतो. सातबारावर गावाचं नाव पाहा, ते गाव कुठल्या प्राधिकरणाच्या अधिसूचनेत आहे ते पाहा, परियोजनेच्या नकाशात मूळ आणि अंतिम भूखंडाचा क्रमांक जुळवा. विक्रेता हे दोन क्रमांक सांगू शकत नसेल तर चहा घ्या आणि परत या.